कांदाटी खोरं खेड तालुक्याला जोडावं का?

मेढ्याचा
महाबळेश्वर तालुक्यातलं कांदाटी खोरं, म्हणजे शिंदी, वळवण, चकदेव, आरव, अकल्पे हा शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पलीकडचा टापू. तो सातारा जिल्ह्यातून काढून रत्नागिरीच्या खेड तालुक्याला जोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोयनेचं पाणी साठलं आणि खोऱ्याचा साताऱ्याशी असलेला संबंध तुटला. तालुक्याला जायचं तर लाँच नाहीतर तराफा धरून तापोळा, तिथून घाट चढून महाबळेश्वर. जिल्ह्याचं काम निघालं तर पुढे सातारा. साध्या दाखल्यासाठी अख्खा दिवस जातो, कधी मुक्काम पडतो. उलट शिंदीतून रघुवीर घाट उतरला की खोपी, पुढे खेड. बाजार खेडचा, दवाखाना खेडचा. मुंबईला कामाला असलेली माणसं गणपतीला येतात तीही कोकण रेल्वेने खेडला उतरून. सातबारा आणि रेशनकार्ड तेवढं साताऱ्याचं.

कोकणात अंतरासाठी जिल्हे फोडलेच की. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर, कारण जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून ठाणं गाठणं म्हणजे शिक्षा होती. आपल्याकडे 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला, तोच आजचा सांगली जिल्हा. मग एका खोऱ्यासाठी रेघ हलवायला काय हरकत आहे?

वाईकर
हरकत आहे, आणि मोठी आहे. सिंधुदुर्ग काय, पालघर काय, तिथे कचेरी लोकांच्या जवळ आणली. तुम्ही लोकांनाच उचलून दुसऱ्या महसूल विभागात टाकताय. सातारा पुणे विभागात, रत्नागिरी कोकण विभागात. वरचं अपील निघालं की शिंदीच्या म्हाताऱ्याने नवी मुंबईत बेलापूरला जायचं का?

आणि धरणग्रस्तांचं काय? 105 टीएमसीच्या जलाशयाखाली या लोकांच्या जमिनी गेल्या. धरण होऊन साठ वर्षं झाली तरी पुनर्वसनाची भांडणं मिटलेली नाहीत, आणि त्यांची दप्तरं साताऱ्यात आहेत. उद्या जिल्हा बदलला की सातारा म्हणणार तुम्ही आता आमचे नाही, रत्नागिरी म्हणणार तुमचं दप्तर आमच्याकडे नाही. आधीच पिचलेल्या माणसाला दोन कचेऱ्यांच्या मधे उभं करू नका.

खोपीकर
मी खालच्या अंगाचा, खेड तालुक्यातला. खोऱ्यातल्या लोकांना आम्ही परकं कधी मानलं नाही. सोयरीकी आहेत, दुकानात उधारीच्या वह्या आहेत. पण रघुवीर घाट पावसाळ्यात कसा असतो ते वर बसून कळायचं नाही. दरड आली की एसटी बंद, मग खेडही तितकंच लांब. तालुका बदलून दरड थांबणार नाही. आधी घाटाचं काम पक्कं करा.

रायरी
वाईकर, सह्याद्रीची धार म्हणजे जिल्ह्याची हद्द असलीच पाहिजे असं कुठे आहे? चंद्रराव मोऱ्यांची जावळी घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती. 1656 ला महाराजांनी ती घेतली तेव्हा रायरी, म्हणजे आजचा रायगड, मोऱ्यांच्याच ताब्यात होती. आजचंच बघा. दापोली रत्नागिरी जिल्ह्यात, पण लोकसभेला मत रायगड मतदारसंघात. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सातारा-सांगलीबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही आहेत. कोयनेचं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वीज करून पश्चिमेला चिपळूणच्या वाशिष्ठीत सोडायला मंजुरी आहे. त्या पाण्याला हद्द आड येत नाही. ज्यांची गावं त्या पाण्यात गेली त्यांनाच का यावी?

वाईकर
पाणी बोगद्यातून जातं, त्याला वारस नोंद करावी लागत नाही. मोऱ्यांच्या जावळीत पोटखराबा, फेरफार असल्या सातबाराच्या नोंदी नव्हत्या. इतिहास मलाही प्रिय आहे, पण तलाठ्याच्या टेबलावर तो चालत नाही.

मेढ्याचा
दप्तराचा मुद्दा मी हलका समजत नाही. पुनर्वसनाची प्रकरणं निकाली निघेपर्यंत ती साताऱ्यातच चालवावीत, तशी अट हस्तांतराच्या आदेशातच घालावी. पण दप्तर इथे आहे म्हणून माणसाने जन्मभर तराफ्याची वाट बघायची, हे मला मान्य नाही. जिल्हा हलवायचा नसेल तर कचेरी हलवा. अकल्प्यात किंवा शिंदीत ठरलेल्या वारी नायब तहसीलदार, तलाठी आणि पुरवठ्याचा माणूस बसवा. बारा महिने, पावसाळ्यातही. हेही करायचं नाही आणि हद्दही बदलायची नाही, असं चालणार नाही.

अकल्पेकर
इतका वेळ वाचतोय. आमच्या खोऱ्याबद्दल बोलणं चाललंय, म्हणून लिहितो. आमच्यात एकमत नाही. म्हातारी माणसं सातारा सोडायला तयार नाहीत, त्यांची जमीन साताऱ्याने घेतली आणि हिशेबही साताऱ्यानेच द्यायचा आहे. माझ्या वयाच्या पोरांना खेड बरं वाटतं, कारण आजारी माणूस रात्री खालीच न्यावा लागतो. माझं स्वतःचं मत खेडकडे झुकतं. पण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 4 प्रमाणे हद्द बदलायच्या आधी प्रसिद्धी देऊन हरकती मागवाव्या लागतात. ती वेळ यायच्या आधी गावोगाव ग्रामसभा घ्या. आणि त्या मे महिन्यात घ्या, मुंबईकर गावाला असतात तेव्हा. ऐन पावसात नोटीस लावली तर हरकत द्यायला महाबळेश्वरला पोचणार कोण?