कोल्चेस्टर: कोटावरचं शहर, शहराखालची राख

काही जण म्हणतात की रोमनांनी ब्रिटनमधली शहरं मोकळ्या माळावर वसवली. कोल्चेस्टरच्या बाबतीत तरी हे पटत नाही. तिथे आधीच कामुलोदुनम होतं, म्हणजे कामुलोस या केल्टिक युद्धदेवाचा कोट. मैलोन् मैल मातीचे बांध आणि खंदक, आत कुनोबेलिन राजाची राजधानी. इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियस जातीने तिथे आला. पुढे रोमनांनी छावणी घातली आणि ४९ मध्ये तिच्याच जागी निवृत्त सैनिकांची वसाहत केली.

या सैनिकांनी त्रिनोव्हांतेस या तिथल्या स्थानिक टोळीच्या जमिनी बळकावल्या, वर क्लॉडियसच्या देवळाचा खर्चही त्यांच्याच माथी! म्हणूनच ६०-६१ मध्ये बुडिका या स्थानिक राणीने रोमनांविरुद्ध केलेल्या बंडात पहिलं जळालं ते हेच शहर. देवळात आसरा घेतलेले दोन दिवस तगले, मग तेही पडलं. आजही तिथे पाया खणताना भाजलेल्या लाल मातीचा थर लागतो. त्यात कोळसा झालेले खजूर सापडलेत. कुणाच्या तरी कोठीतले, इतक्या लांबून आलेले. मला सगळ्या इतिहासात तेच जास्त चटका लावून जातात.

दगडी तटबंदी झाली ती यानंतर. आणि त्या देवळाच्या चौथऱ्यावर पुढे इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मनांनी किल्ला बांधला, तो अजून उभा आहे.