१४१५ सालचा जगाचा कालपट: तारखांचा मेळ बसेना

कालपट_कर्ती:
१४१५ या एकाच वर्षात जगात काय काय घडलं, याचा मोठा तक्ता करतेय. इंग्रज-फ्रेंचांची अझँकूरची लढाई, बोहेमियातला (आजच्या चेकियातला) धर्मसुधारक यान हुसला जाळलं ते, पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतलं सेउता बंदर घेतलं, चीनचं आरमार परतलं, एवढं हाताशी आहे. पण सेउताच्या जुन्या पोर्तुगीज नोंदीत साल १४५३ दिसतं! एका फ्रेंच कागदावर फेब्रुवारी १४१५ आहे, आणि मजकूर तर अझँकूरनंतरचा. हिजरी ८१८ म्हणजे सरळ १४१५ धरलं तर चालेल का?

दप्तरदार:
दोन्ही कागद बरोबर आहेत, फक्त साल मोजायची रीत वेगळी. पोर्तुगालमध्ये १४२२ पर्यंत सीझरचा शक चालायचा. त्यातून ३८ वजा करा, १४५३ चे १४१५ होतात. फ्रेंच दरबारात नवं साल ईस्टरला लागायचं. १४१५ चा ईस्टर ३१ मार्चला होता, पुढचा १९ एप्रिल १४१६ ला. म्हणजे त्यांचं १४१५ साल चक्क ३८५ दिवसांचं! तुमचा फेब्रुवारीचा कागद आपल्या हिशेबाने १४१६ चा. खरी गोची ३१ मार्च ते १८ एप्रिल या तारखांची आहे. त्या एकाच सालात दोनदा येतात, आणि कागदावर ईस्टरच्या आधी की नंतर असा शेरा नसेल तर मजकुरावरूनच ठरवावं लागतं.

इंग्लंडात साल २५ मार्चला बदलायचं, पण सरकारी कागद राज्यवर्षाने, म्हणजे राजा गादीवर आल्यापासून मोजलेल्या वर्षाने चालत. पाचव्या हेन्रीचं तिसरं वर्ष २१ मार्च १४१५ ला लागतं.

हिजरी ८१८ हे १३ मार्च १४१५ ते २९ फेब्रुवारी १४१६ असं पसरलंय. नाण्यावर नुसतं ८१८ असेल तर '१४१५-१६' लिहा, एकच साल रेटू नका.

प्रत्येक घटनेची वेगळी चिठ्ठी करा. वर मूळ नोंदीतली तारीख जशीच्या तशी, खाली ती कोणत्या पद्धतीची, त्याखाली १ जानेवारीपासून मोजलेली ज्युलियन (तेव्हाच्या युरोपातल्या दिनदर्शिकेची) तारीख आणि वार. ग्रेगरियनमध्ये, म्हणजे आजच्या दिनदर्शिकेत, आणू नका. तेव्हा फरक ९ दिवसांचा होता, त्यामुळे अझँकूर ३ नोव्हेंबरला जाईल आणि २५ ऑक्टोबरचा संत क्रिस्पिनचा सण निसटेल. वार ताडून बघायला हे घ्या: हुसचा मृत्यू ६ जुलै, शनिवार, सेउता २१ ऑगस्ट, बुधवार, अझँकूर २५ ऑक्टोबर, शुक्रवार. संगणकातल्या दिनदर्शिकेत अझँकूर बुधवारी आलं, तर ती ग्रेगरियन पद्धत मागे लावतेय असं समजा.

आणखी एक पक्का खुंटा आहे, ७ जूनचं सूर्यग्रहण. त्याच शुक्रवारी, ग्रहण सुटल्यावर तासाभराने हुसची दुसरी सुनावणी झाली. ग्रहण गणिताने काढता येतं, त्यामुळे या तारखेवर वाद उरत नाही.

मठ_आणि_मुकुट:
तारखांचं वर आलंच आहे. माझा आग्रह मांडणीबद्दल आहे. तक्त्याच्या मधोमध अझँकूर ठेवू नका, कोन्स्टान्झची धर्मपरिषद ठेवा. त्या वर्षी युरोपात एकाच वेळी तीन पोप होते आणि तो गुंता सोडवायला सगळे तिथे जमले होते. क्रम बघा: २० मार्चला पोप तेविसावा जॉन वेष पालटून पळाला. ६ एप्रिलला परिषदेने ठराव केला की पोपनेही परिषदेचं ऐकलं पाहिजे. २९ मे रोजी जॉनला पदच्युत केलं. ४ जुलैला बारावा ग्रेगरी स्वतःहून पायउतार झाला, आणि दोनच दिवसांनी हुसला जाळलं. सम्राट होणाऱ्या सिगिस्मुंडचं अभयपत्र हाती असूनही! कॅथीड्रलमध्ये त्याचं पुरोहितपण काढून घेतलं, डोक्यावर तीन सैतान रंगवलेली कागदी टोपी चढवली, आणि राख ऱ्हाइन नदीत टाकली. २ सप्टेंबरला बोहेमिया-मोराव्हियाच्या ४५२ सरदारांनी निषेधाच्या पत्रांवर शिक्के उठवले. पुढे हुसच्या अनुयायांनी लढलेल्या हुसाइट युद्धांची मुळं इथे आहेत.

एक सावधगिरी: विसाव्या शतकातही तेविसावा जॉन नावाचा पोप झाला, कारण कोन्स्टान्झच्या वेळचा आता अधिकृत यादीत धरत नाहीत. चिठ्ठीवर बाल्दासारे कोस्सा हे मूळ नाव घाला.

कालपट_कर्ती:
आभार! अझँकूरला इंग्रज सैन्य किती लिहू? कुठे ६,०००, कुठे ८,००० च्या वर.

दप्तरदार:
दोन्ही आकडे लिहा, कशावरून आले तेही लिहा. मोठा आकडा पगाराच्या हिशेबांवरून आणि हजेरीपटांवरून येतो, लहान आकड्याला बखरींचा आधार. चूक होते ती साउदॅम्प्टनहून निघालेली फौज तशीच अझँकूरला उभी केल्याने. मध्ये फ्रान्समधल्या हार्फ्लर बंदराचा वेढा झाला, २२ सप्टेंबरला शहर पडलं, पण हगवणीने कितीतरी मेले किंवा घरी धाडले गेले. शिवाय हार्फ्लरच्या शिबंदीत ३०० चिलखती शिपाई आणि ९०० तिरंदाज मागे ठेवले. एवढे वजा केल्याशिवाय पुढचा हिशेब लागत नाही.

पूर्वसमुद्र:
आशियाचा रकाना अजून रिकामाच दिसतोय. चिनी आरमाराचा प्रमुख चंग ह चौथ्या सफरीवरून १४१५ मध्ये परतला, सुमात्रातल्या 'समुद्र' नावाच्या राज्याचा बंडखोर सेकंदर याला कैद करून. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून धाडलेला जिराफही त्याच साली दरबारात पोचला. बंगालने पाठवलेला त्याआधीचा, १४१४ चा. या दोन जिराफांची सरमिसळ फार होते. शिवाय महाकालव्याची दुरुस्ती पुरी झाल्यावर याच वर्षी उत्तरेकडे समुद्रमार्गे धान्य नेणं बंद झालं. माझ्या मते त्या देशाच्या दृष्टीने ही बातमी जिराफापेक्षा कितीतरी मोठी आहे. चिनी सम्राट योंगल्अच्या राजवटीचं तेरावं वर्ष फेब्रुवारीत लागतं, तेव्हा जानेवारीतली नोंद बाराव्या वर्षात शोधा.

बंगालमध्ये राजा गणेशाचा मुलगा जलालुद्दीन नावाने गादीवर आला, त्याची नाणी हिजरी ८१८ पासूनची आहेत. दिल्लीत खिज्रखान, दख्खनमध्ये फिरोजशहा बहमनी, विजयनगरला पहिला देवराय. हे तिघे त्या वर्षभर गादीवर होते, त्यांना तारीख न लावता आडव्या पट्टीत दाखवा.