धाकटा भाऊ पहिल्यांदाच साईटवर कामाला चाललाय, त्याला काय काय सांगू?

अंबाजोगाईकर
नमस्कार मंडळी. भाऊ 19 वर्षांचा, बारावीनंतर घरीच होता. गावातल्या मुकादमासोबत सोमवारी पुण्याजवळ रावेतला येतोय. 22 मजली टॉवर, सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायचा साचा बांधणं-खोलणं) टोळीत बिगारी. अनुभव म्हणाल तर विहिरीच्या कामावर दगड वाहिलेत, तेवढाच. मी चाकणला कंपनीत आहे, बांधकामातलं मला ओ की ठो कळत नाही. हेल्मेट आणि बूट मी घेऊन देणार आहे, कोणते घेऊ? आईला रात्री झोप नाही.

फळी_टेकू
14 वर्षं सेंट्रिंग करतोय, म्हणून लिहितो. बुटाच्या पुढं पोलादी टोपी असते, ती सगळे बघतात. सेंट्रिंगवाल्याला खिळा खालून लागतो. त्यामुळं तळव्यात पोलादी पत्रा असलेलाच बूट माग, दुकानदाराला तसं स्पष्ट सांग. धनुर्वाताचं इंजेक्शन येण्याआधी गावातच घेऊ दे. खोललेल्या फळीचा खिळा तिथंच काढायचा नाहीतर ठोकून वाकवायचा. "नंतर बघू" म्हणून ठेवलेली फळी संध्याकाळी आपल्याच पायाखाली येते.

आता खरी गोष्ट. डक्टवर (पाइपांसाठी मजल्यात सोडलेली मोकळी पोकळी), लिफ्टच्या खड्ड्यावर प्लाय टाकून ठेवतात. नवीन पोराला सांगतात, तो प्लाय इकडं आण. पोरगं प्लाय छातीशी धरून उचलतं, पुढं काही दिसत नाही, आणि एक पाऊल टाकतं. माझ्या डोळ्यासमोर झालंय. पडलेला प्लाय उचलायच्या आधी खाली काय आहे ते मिस्त्रीला विचारायचं. कुणी हसलं तर हसू दे.

साईटवरची_मॅडम
सिव्हिल इंजिनीअर आहे, सध्या वाकडला. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं घ्या आणि हनुवटीचा पट्टा लावायला सांगा. बिनपट्ट्याचं हेल्मेट माणसाच्या आधी खाली पोचतं.

बेल्ट कमरेचा नको. खांदे आणि मांड्यांतून जाणारा, दोन हुकांचा हवा, आणि तो ठेकेदारानंच द्यायचा असतो, तुम्ही विकत घेऊ नका. दोन हुक अशासाठी की जागा बदलताना एक कायम अडकलेला राहतो. हुक डोक्याच्या वर, लाईफलाईनला (हुक अडकवायला बांधलेला दोर) किंवा पक्क्या जागी. जी प्लेट (साच्याचा पत्रा) किंवा टेकू आपण सोडवतोय त्यालाच हुक लावलेली माणसं मी पाहिली आहेत!

स्लॅबचे टेकू कधी काढायचे हे बिगाऱ्यानं ठरवायचं नसतं, पण माहीत असावं. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) किमान 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14. मुकादमाला प्लेटा पुढच्या मजल्यावर हव्या असतात, म्हणून घाई होते.

गमबूट
ओलं सिमेंट बुटात गेलं तर दिवस संपायची वाट बघू नको. लगेच बूट काढून भरपूर पाण्यानं धू. आधी दुखत नाही, रात्री कातडं निघतं. आणि ग्राइंडरजवळ गळ्यात गमछा नको.

अंबाजोगाईकर
सगळ्यांचे आभार. एक अडचण आहे. त्यानं मुकादमाकडून 20 हजार उचल घेतलीय. बेल्ट नसताना वर चढ म्हटलं तर नाही म्हणता येईल का त्याला?

फळी_टेकू
उचल घेतलेल्याचं तोंड बंद असतं, खोटं कशाला बोलू. मी पोरांना एक शिकवतो. "चढत नाही" म्हणायचं नाही, "दादा, हुक कुठं लावू?" असं मोठ्यानं विचारायचं, चार जणांत. जागा दाखवता आली नाही तर मुकादमच गप होतो. तरी ऐकलं नाही तर सेफ्टीवाल्याकडं जायचं. मोठ्या साईटवर तो असतो, त्याचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवायचा.

साईटवरची_मॅडम
आणि टाकीत उतरायचं नाही. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत सेंट्रिंग खोलायला नवीन पोरं पाठवतात. बंद टाकीत लाकूड कुजून हवेतला प्राणवायू संपलेला असतो, वास येतोच असं नाही. मार्च 2025 मध्ये मुंबईत नागपाड्याला अशाच जमिनीखालच्या टाकीत चार कामगार गुदमरून गेले. एकजण आत पडला म्हणून दुसऱ्यानं उडी टाकायची नाही, हे त्याच्याकडून वदवून घ्या.

नोंदणी_करा
90 दिवस काम झालं की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा, वय 18 ते 60 चालतं. 90 दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून मागावा लागतो, म्हणून हजेरीचे फोटो पहिल्या दिवसापासून मोबाईलमध्ये ठेवा. "करून देतो" म्हणत हजार-दोन हजार मागणारे एजंट नाक्यावर भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

अंबाजोगाईकर
आज चिंचवडला बूट बघितले. पत्र्याचा तळ असलेले मिळाले, 8 नंबर. पण तो अजून गावी आहे, माप अंदाजानंच सांगितलंय.

गमबूट
मग घेऊ नको अजून. रविवारी त्याला सोबत ने, संध्याकाळी, जाड मोजे घालून. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो आणि मग पोरं चपलेवर येतात.