रोज भुसावळ रोड, वर्षातून तीनदा ट्रॅक: ॲडजस्टेबल शॉकअप घ्यावेत का?

दाळमिलवाला (जळगाव)

राम राम मंडळी. माझी २०२० ची बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन ४२ हजार किलोमीटर चाललीय. पूजेला ठेवलेली नाही. रोज जळगाव-भुसावळ जा-ये, सासुरवाडी फैजपूर, अधूनमधून धुळ्यावरून नाशिक. आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक, म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टई नाहीतर कोइम्बतूरचा करी. तिकडे गाडी कॅरियरवर जाते नि मी रेल्वेने.

शॉकअप आता संपले. पुढच्या डाव्यातून तेल पाझरतंय, पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याला लाटा आहेत तिथे गाडी एकदा डोलून थांबायची ती आता तीनदा डोलते. गाडीचा दोष काढत नाही, फैजपूरच्या रस्त्याने खाल्ले. या मॉडेलला कंपनीने बटणावर मऊ-कडक होणारे शॉकअप दिलेच नव्हते, जे आहेत ते एकाच कडकपणाचे.

नवे टाकायचेच आहेत, तर ॲडजस्टेबल टाकावेत असं डोक्यात आहे. रोज मऊ, ट्रॅकला कडक. यादीत तीन आहेत: बिल्स्टाइन बी१६, केडब्ल्यू व्हेरिएंट ३ आणि ओलिन्स रोड अँड ट्रॅक. मन केडब्ल्यूकडे ओढतंय. कौतुक करायला मित्र आहेत, इथे विरोध ऐकायला आलोय.

तापीकाठचा

मग घ्या विरोध. जसे होते तसे कंपनीचे टाका नि विषय संपवा.

वर्षाचे ३६५ दिवस. त्यातले ३ ट्रॅकचे, ३६२ केळीच्या ट्रकमागचे. तीन दिवसांसाठी एवढा पैसा? आणि ट्रॅकवर आधी काय दगा देतं ते बघा. शॉकअप नाही, ब्रेक. साध्या डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश, आणि पाणी शोषलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. आपल्याकडचा एक पावसाळा काढलेलं ऑइल घेऊन करीला जाल तर चौथ्या फेरीत पेडल स्पंजासारखं होईल. आधी ऑइल, मग पॅड, मग चांगले टायर, मग पुढच्या चाकांना थोडा जास्त निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला. एवढं केल्यावर पैसे उरले तर बोला.

घाटवेडा_चाळीसगाव

तापीकाठ, ब्रेकचं सोळा आणे मान्य. पण भाऊंचे शॉकअप मेलेत, काहीतरी विकत घ्यावंच लागणार. प्रश्न फक्त वरच्या फरकाचा आहे.

दुसरं म्हणजे ‘ॲडजस्टेबल म्हणजे कडक’ ही समजूत काढून टाका. मी कन्नड घाट आठवड्याला चढतो-उतरतो, गाडी वेगळी आहे पण धडा तोच. शॉकअपमध्ये ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ म्हणतात तो गाडीचा वेग नसतो, शॉकअपच्या दांड्याचा वेग असतो. गाडी १२० ने जात असली तरी वळणात ती हळूहळू कलंडते, तेव्हा दांडा सावकाश सरकतो. आणि ३० ने जाताना खड्ड्याची धारदार कड लागली की दांडा सटकन आत जातो. आपल्याकडे दोन्ही भरपूर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा डांबरी रस्ता तिच्यासोबत वरखाली होतो. त्या लांब लाटा म्हणजे सावकाश हालचाल. केळीच्या ट्रकांनी उखडलेल्या कडा म्हणजे झटका. चांगला शॉकअप पहिल्याला घट्ट धरतो आणि दुसऱ्याला सोडून देतो. ओलिन्सच्या डीएफव्ही झडपेचं कामच ते, झटका आला की तेलाला जास्तीची वाट मिळते. मूळ शॉकअपपेक्षा हा ट्रॅकला घट्ट आणि फैजपूरला मवाळ, दोन्ही असू शकतो. चालवून पाहा मग बोला.

मिरची_वांगं

मना भाऊ, ही गाडी शे का दुभती म्हैस? इतकी काळजी घरनी बी कोनी करत नई 😄

स्पॅनर_धुळे

माझं गॅरेज आहे. तुम्ही सगळे क्लिकवर, म्हणजे मऊ-कडक करायच्या नॉबवर भांडताय, मी उंची कमी-जास्त करायच्या रिंगेवर बोलतो, कारण माझ्याकडे येणारी पोरं क्लिकला हातच लावत नाहीत. त्यांना गाडी खाली बसवायची असते.

मागच्या वर्षी एकाने कुठलासा स्वस्तातला सेट आणला आणि गाडी ४० मिमी खाली केली. दिसायला झकास. पण चाकाला वर यायला जी जागा असते त्यातलेच हे ४० मिमी गेले. मग प्रत्येक खड्ड्याला गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे रबरावर. तिथे तुमची महागडी झडप काय करणार? वर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १० सेंमी उंच नि ३.७ मीटर रुंद हवा. आपल्या खेड्यातला कोणी मापून केलाय? उंची तेवढीच किंवा जास्त, रुंदी हातभर. एरंडोलच्या आत एका गल्लीत त्याचं चेंबर फुटलं, तेल रस्त्यावर.

आता दाळमिलवाले, तुमचं ‘रोज वर, ट्रॅकला खाली’ असं डोक्यात असेल तर आत्ताच काढा. रिंग फिरवली की उंचीबरोबर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असतात तो कोन) बदलतो, कॅम्बर बदलतो, चारही चाकांवरचं वजन बदलतं. चार पायांच्या खाटेचा एक पाय वाढवला की खाट डुगडुगते, तसंच. ते जुळवायला चारही चाकांखाली वजनकाटे लागतात. धुळ्यात ते कोणाकडे आहेत असं माझ्या ऐकिवात नाही, आणि केळी तोलायचा काटा चालत नाही. तुमच्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी नि शॉकअप वेगळा, त्यामुळे मागची उंची स्प्रिंगेच्या बैठकीवरून करावी लागते. उंची एकदा ठरवायची, अलाइनमेंट करायची, विसरायची. पुढे क्लिक करा हवे तेवढे.

दाळमिलवाला (जळगाव)

स्पॅनरभाऊ, खरं सांगतो, डोक्यात तेच होतं. बरं झालं बोललात. मग उंची मूळच्या आसपासच ठेवतो. पण क्लिक तरी दोन्हीकडचे वेगळे हवेत ना? केडब्ल्यूला रिबाउंड (शॉकअप परत लांबताना होणारा रोध) वेगळा, कॉम्प्रेशन (दबतानाचा रोध) वेगळं. बी१६ आणि ओलिन्सला एकच नॉब.

वैशाखझळा (भुसावळ)

इथे मी घाटवेडांशीही असहमत आणि दाळमिलवाल्यांशीही. (मेकॅनिकल शिकलेय, नवऱ्याची गाडी मीच सेट करते.)

आधी स्प्रिंग, मग शॉकअप. शॉकअप फक्त हालचाल मारतो, वजन स्प्रिंग पेलते. समजा पुढच्या एका चाकावर स्प्रिंगेवरचं वजन ३५० किलो. चाकापाशी स्प्रिंगेचा कडकपणा मिलिमीटरला ४० न्यूटन धरला तर गाडीची नैसर्गिक डोल सेकंदाला सुमारे १.७ वेळा. ६० न्यूटन केला तर सुमारे २.१. पहिली गाडी कडक वाटते पण रोज चालते. दुसरी ट्रॅकला छान, भुसावळला पोचेपर्यंत कंबर धरायला लावते. आणि ६० ची स्प्रिंग टाकून नॉब मऊ केला म्हणजे ती ४० ची होत नाही, फक्त बेलगाम होते. सेट घेताना नॉब किती हे विचारण्याआधी स्प्रिंग किती कडक हे विचारा.

आता नॉब. व्हेरिएंट ३ ला रिबाउंडचे १६ क्लिक, कॉम्प्रेशनचे १२. एका चाकाचे १९२ जोड होतात. तीन ट्रॅक दिवसांत तुम्ही त्यातले किती तपासणार? बी१६ ला १० खुणा, एकच नॉब, दोन्ही बाजू एकत्र हलतात. कमी चुका.

घाटवेडा_चाळीसगाव

ताई, स्प्रिंगेचं एकदम पटलं. १९२ चं नाही. हार्मोनियमला पट्ट्या जास्त म्हणून कोणी पेटी परत करत नाही. रस्त्याला हवं ते बऱ्याचदा असं असतं: झटके सोडायला कॉम्प्रेशन कमी, लाटा धरायला रिबाउंड जरा जास्त. एका नॉबवर हे जमतच नाही, एक वाढवलं की दुसरं वाढतं.

वैशाखझळा (भुसावळ)

आणि रिबाउंड जास्त झाला तर? तुमच्याच चोपडा-यावल रस्त्यावर लागोपाठ खड्डे आले की चाक खाली परतायच्या आत पुढचा खड्डा येतो. गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी रबरावर आदळते. चालवणाऱ्याला वाटतं सेटअप फार मऊ झालाय, तो अजून दोन क्लिक कडक करतो. मी स्वतः हे केलंय. दोन आठवडे उलट्या दिशेने जात होते.

घाटवेडा_चाळीसगाव

हे मात्र माझ्याकडूनही झालंय. गप्प बसतो. (पाच मिनिटं.)

तापीकाठचा

एवढं वाचूनही माझं मत हलत नाही, उलट घट्ट झालं. दोन जाणकार माणसं दोन-दोन आठवडे चुकीच्या दिशेने क्लिक करतात, तर सामान्य माणसाचं काय?

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत फेरफार करण्यावर बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच म्हटलं, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल नकोत. विमा कंपनीला न सांगता बदल केला आणि उद्या लळिंगजवळ काही झालं तर क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न तोच. ट्रॅकवर तर तसंही शर्यत नि वेगचाचणी पॉलिसीतून वगळलेली असते. तिथे ठोकली तर खिसा तुमचा.

दाळमिलवाला (जळगाव)

विम्याला लेखी कळवणारच. ट्रॅकचं जोखीम घेऊनच जातो, बायकोलाही माहीत आहे. (तिचं मत तापीकाठसारखंच आहे, फक्त कमी शब्दांत.)

नंदुरबारी

बटणवाले का नाही बसवत? नव्या पिढीच्या (जी८७) एम२ ला कंपनीतूनच ॲडॅप्टिव्ह येतात.

स्पॅनर_धुळे

येतात, पण यांच्या गाडीत त्याची मूळ वायरिंगच नाही. बसवता येतं, पण मग मला वायरमनही ठेवावा लागेल.

अजून एक, जे कोणी बोललं नाही. हे शॉकअप कधीतरी सर्व्हिसला उघडावे लागतात. आत दाबाखाली नायट्रोजन असतो, ते काम माझ्याकडे होत नाही. सेट बाहेर पाठवायचा म्हणजे गाडी तोवर जॅकवर. म्हणून काढलेले जुने भंगारात देऊ नका. पाझरणारा एक बदलून जोडी घरात ठेवा. आणि पावसाळा संपला की रिंगांच्या आट्या ब्रशने साफ करा. आपली काळी माती वाळली की सिमेंट होते, मग रिंग हलत नाही आणि पोरं छिन्नी-हातोडा घेतात.

दाळमिलवाला (जळगाव)

ठरवतोय बहुतेक. एका नॉबवालाच घेतो, स्प्रिंग मऊ बाजूची, उंची मूळपेक्षा फार तर १० मिमी कमी. वैशाखझळाताई, केडब्ल्यूचं भूत उतरलं. तापीकाठ, ब्रेक ऑइल आणि पॅड या महिन्यातच बदलतो, तेवढं तुमचं ऐकलं.

तापीकाठचा

निम्मं ऐकलं. उरलेलं बिल आल्यावर ऐकाल.

घाटवेडा_चाळीसगाव

बसवल्यावर पारोळ्याच्या त्याच लाटांवरून न्या. आधी पूर्ण मऊवर, मग दोन-दोन क्लिक वाढवत. गाडी एकदाच डोलून थांबली की तिथे थांबा नि आकडा वहीत लिहा. मीही येतो, शेवभाजी तुमच्याकडून.

दाळमिलवाला (जळगाव)

या की. स्पॅनरभाऊ, सेट आला की तुमच्याकडेच घेऊन येतो. सोबत काय आणू?

स्पॅनर_धुळे

गाडी, सेट नि जुनी अलाइनमेंटची पावती आणा. डब्यात रिंग फिरवायचा आकडी पाना येईल, तो मात्र माझ्याकडेच राहील.