मातीच्या जाड भिंतींचं घर आणि मागे नवीन स्लॅब: मेश वायफाय घ्यावं का, घेतलं तर किती डबे?

ओसरीवरून:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या गावात राहते, कंपनी पुण्याची पण काम घरून, दिवसभर व्हिडिओ मीटिंग सुरू असतात त्यामुळे नेट माझ्यासाठी रोजीरोटीचा विषय आहे. घराची रचना आधी सांगते, म्हणजे नीट सांगता येईल तुम्हाला. समोर रस्त्याच्या बाजूला बैठक, फायबरवाल्यानं डबा (राउटर) तिथंच ठोकला कारण खांबावरून वायर तिथं उतरली. त्याच्या मागे जुनं धाब्याचं घर, माजघर आन् सैपाकघर, भिंती मातीच्या, दोन फुटाला कमी नाहीत. मग आंगण, आंगणाच्या पल्याड स्लॅबच्या दोन खोल्या, त्यावर माडी. मी बसते माडीवर. बैठकीपासून माडीपर्यंत शंभरेक फूट होतील. सर्वात मागे टिनाचा गोठा, तिथं सासऱ्यांना कॅमेरा लावायचाय, कापूस घरात आला की रात्री कोणी ना कोणी जागतच असते.

प्लॅन १०० एमबीपीएसचा. बैठकीत फोनवर पूर्ण स्पीड येते, माजघरात अर्धी, माडीवर नेट दिसतच नव्हतं म्हणून सैपाकघरात रिपीटर लावला. आता माडीवर काड्या पूर्ण दिसतात पण स्पीड ८ च्या वर जात नाही आन् मीटिंगमध्ये आवाज तुटते. दुकानदार म्हणतो तीन डब्यांचं मेश (एकाच नावानं मिळून वायफाय देणारे डबे) घ्या, सगळं सुटते. बजेट आठ-दहा हजार, पण एवढे पैसे टाकून पुन्हा तेच झालं तर जीवावर येईल. तीन डबेच लागतील का? आन् लाईन गेल्यावर काय करायचं?

तारजोडणी:
ताई, तीन डबे घेऊ नका, आधी वायरीचा विचार करा. मी तालुक्यात सीसीटीव्ही आन् नेटवर्किंगचीच कामं करतो, अशी घरं रोज पाहतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काड्या पूर्ण आणि स्पीड नाही हे का होते ते बघा. माडीवर तुमचा फोन रिपीटरशी बोलून राहिला, तिथं सिग्नल चांगलाच हाय. पण रिपीटर स्वतः बैठकीतल्या डब्याशी दोन मातीच्या भिंतींआडून बोलते, तो धागा कमजोर आहे आन् फोनला तो दिसतच नाही. वरून साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकते आन् तेच पुन्हा सांगते, म्हणजे अर्धा वेळ ऐकण्यात गेला, स्पीड तिथंच निम्मी झाली. बिनवायरीचं स्वस्त मेशही यापेक्षा फार वेगळं नाही. ड्युअल बँड (२.४ आन् ५ गिगाहर्ट्झ) मेशमध्ये डब्या-डब्यातलं बोलणं आन् तुमच्या फोनचं बोलणं एकाच ५ गिगाहर्ट्झवर चालते. ट्राय बँडमध्ये डब्यांसाठी वेगळा रेडिओ असते पण तो महाग, आन् दोन फुटाच्या मातीपुढं त्याचंही काही चालत नाही. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत २.४ पेक्षा जास्त मरते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा अजून.

तेव्हा मातीच्या घरातून हवेतून नेट न्यायचा नादच सोडा. दोन डबे घ्या, एक बैठकीत, एक माडीवर किंवा माडीच्या जिन्याच्या तोंडाशी, आन् दोन्हींच्या मधात कॅट ६ केबल. यालाच इथरनेट बॅकहॉल म्हणतात, जवळपास सगळ्या मेशमध्ये चालते, केबल खोचली की डबे आपोआप तिच्यावर येतात. केबलची मर्यादा १०० मीटर, तुमचं अंतर त्याच्या निम्म्याहून कमी. घेताना शुद्ध तांब्याची घ्या, सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम, ती स्वस्त पडते आन् दोन उन्हाळ्यांत टोकं ठिसूळ होऊन तुटतात.

अजून एक, डब्याचे पोर्ट पाहून घ्या. उदाहरण देतो, टीपी-लिंक डेको ई४ चे पोर्ट १०० एमबीपीएसचे, एम४ चे गिगाबिट. तुमचा प्लॅन १०० चा म्हणून ई४ नं आज अडणार नाही, उद्या प्लॅन वाढवला की अडीन.

मोर्शीचा_संत्रावाला:
मी थोडा वेगळा बोलतो. केबल टाकाचीच असन तर मेश कायले पायजे? घरी जुना राउटर पडला असन तर त्यालेच ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा डबा) करा. त्याचं डीएचसीपी (फोनले आयपी म्हणजे पत्ते वाटाचं काम) बंद, आयपी बदलून मेन डब्याच्या रेंजमधला पण वेगळा द्या, वायफायचं नाव आन् पासवर्ड मेन डब्यासारखंच ठेवा, आन् केबल वॅन पोर्टमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये खोचा. झालं काम. आमच्या घरी बगीच्याकडच्या खोलीत असंच हाय, पोट्टे तिथंच अभ्यास करतात, काही तक्रार नाही. खर्च फक्त केबलचा. चॅनल मात्र वेगळे द्याचे, २.४ वर एकाले १ आन् दुसऱ्याले ६ नाहीतर ११, हे तिघंच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

तारजोडणी:
दादा तुमचं चूक नाही, एका जागी बसून वापरणाऱ्याला हे एकदम बरोबर हाय आन् मी कित्येक घरी असंच करून देतो. पण ताई फोनवर मीटिंगमध्ये असताना माडीवरून खाली, आंगणातून सैपाकघरात फिरत असतीन. वेगळ्या राउटरवर फोन जुन्या डब्याला चिकटून राहते, सिग्नल अगदी मरेपर्यंत सोडत नाही, आन् मग सोडते तेव्हा कॉल तुटते. मेशचे डबे ८०२.११ के आन् व्ही हे वायफायचे नियम वापरून फोनला सांगतात की शेजारी चांगला डबा हाय, तिकडं जा. शेवटी ठरवते फोनच, पण सांगणारं कोणीतरी असते. ताई, तुम्ही बसल्या जागीच मीटिंग करत असाल तर दादाचं ऐका आन् पैसे वाचवा.

आन् मेश घेतलं तर ते एपी (ॲक्सेस पॉइंट) मोडमध्ये टाका. फायबरवाल्याचा डबा स्वतःच राउटर असते, त्यामागं मेशही राउटर मोडमध्ये राहिलं की डबल नॅट होते (दोन राउटर एकामागं एक पत्ते बदलतात), नेट चालते पण कॅमेरे आन् ऑफिसचं व्हीपीएन कधीकधी रुसतात. एपी मोडमध्ये मुलांसाठी टाइम लावायचं फीचर बहुतेक मिळत नाही, तेवढं सोडावं लागते. फायबरच्या डब्याचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर बैठकीतला फोन त्यालाच धरून बसते.

लाईन_गेली:
केबल टाका म्हणणाऱ्या दोघांनीही एक गोष्ट सोडली आन् ती मले सगळ्यात महत्त्वाची वाटते. ताई, जुनं घर आन् नवीन स्लॅब या दोन वेगळ्या इमारती हायत, मधात उघडं आंगण. आपल्या विदर्भात मृगाच्या आधीपासून इजा कशा पडतात हे सांगायची गरज नाही. तांब्याची केबल एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उघडी ओढली तर घरावर वीज पडायची गरज नाही, दूर झाडावर पडली तरी त्या तारेत झटका येते आन् दोन्ही टोकांचे डबे जातात, कधी लॅपटॉपपण. आमच्या गल्लीत एका पावसात असे पोर्ट जळालेले मी स्वतः उघडून पाहिले, पोर्टाच्या मागची चिप काळी पडलेली आन् बाकी डबा कोरा.

म्हणून आंगण ओलांडताना फायबर टाका. महाग नाही, दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलचं नेट फायबरवर नेणारे डबे) आन् मधात ड्रॉप फायबर (खांबावरून घरात येते तशी बारीक फायबर). कन्व्हर्टर जोडीनं घ्या, एक ए आन् एक बी, दोन ए घेतले तर लिंकच लागत नाही. काच वीज वाहून नेत नाही. पण ड्रॉप फायबरला आधाराची लोखंडी तार असते, ती भिंतीबाहेरच कापा, घरात डब्यापर्यंत आणू नका, नाहीतर फायबर टाकून उपेग काय झाला. आन् कनेक्टर पहा, फायबरवाल्याच्या डब्यावरचं हिरवं असते, कन्व्हर्टरवरचं बहुतेक निळं, हिरवं निळ्यात खोचायचं नाही, टोकाची घासणी वेगळी असते आन् सिग्नल पडते.

लाईनचं असं हाय की मेशचे दोन डबे, फायबरचा डबा, दोन कन्व्हर्टर, यातला एकही बंद पडला की माडीवरचं नेट गेलं. बैठकीत इन्व्हर्टर असन तर तिकडचं सगळं त्याच्या सॉकेटवर घ्या. माडीवर इन्व्हर्टरची लाईन नसन तर १२ व्होल्टचा मिनी यूपीएस ठेवा. आधी प्रत्येक ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा. व्होल्ट तंतोतंत जुळले पायजे, अँपिअर यूपीएसचे जास्त असले तर चालते, कमी नको. कन्व्हर्टर बरेचसे ५ व्होल्टचे येतात, त्यांना १२ ची पिन लागली तर जळतात.

वणीकर:
वरचं सगळं बरोबर, फक्त डबे ठेवायच्या जागेबद्दल सांगतो. बैठकीत डबा कुठं हाय ते बघा ताई. खिडकीत कुलर असेल आन् डबा त्याच्या रेषेत असेल तर उन्हाळ्यात सिग्नल पडणारच, लोखंडी पत्र्याचा खोका, आत पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंनी ओली खस, यातून वायफाय पार होत नाही. आमच्याकडे लोक मे महिन्यात फोन करतात की नेट खराब झालं, जाऊन बघितलं तर कुलर बाहेर काढलेला असतो. गोदरेजचं कपाट आन् धान्याची टिनाची कोठी यांचंही तसंच.

आन् माडीवर टिनाखाली डबा टांगू नका. घरगुती डब्यांची मर्यादा साधारण ४० अंशांची असते, आपल्याकडे सावलीतच ४५ जाते, टिनाखाली विचारू नका. स्लॅबखाली, भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर, मोकळा ठेवा. कपाटात कोंडू नका.

ओसरीवरून:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. तारजोडणी भाऊंनी लिहिल्यावर लॅपटॉप घेऊन बैठकीत गेले, डब्याला वायर लावून मोजलं तर ९४ येते, म्हणजे फायबरच्या कनेक्शनमध्ये दोष नाही. फोनवर वायफाय ॲनालायझर टाकून रिपीटरजवळ मेन डब्याचा सिग्नल पाहिला, उणे ८१ डीबीएम (शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). कुलरचंही खरं निघालं, डबा कुलरच्या बरोबर मागे आहे. मी मीटिंगमध्ये खरंच फिरते, सासूबाईंचं औषध-पाणी मधात बघावं लागते, त्यामुळे मेशच घेईन, दोनच डबे, गिगाबिट पोर्टचे. आंगणात फायबर.

राहिला गोठा. माडीपासून गोठा तीस-पस्तीस फूट, मधात फक्त मोकळी जागा. तिथं तिसरा डबा लागेल का?

तारजोडणी:
उणे ८१ वर रिपीटर चालला हेच जास्त झालं. डब्याला उणे ६५ च्या आसपास पायजे, उणे ७५ च्या खाली गेलं की काही खरं नाही.

गोठ्याला तिसरा डबा नको. कॅमेरा बहुतेक २.४ गिगाहर्ट्झचा असतो, मोकळ्या जागेतून पस्तीस फूट त्याला जड नाही. फक्त कॅमेरा टिनाच्या आत नाही, माडीकडच्या बाजूला बाहेर लावा, वळचणीखाली, म्हणजे पाऊसही लागत नाही आन् मधात पत्राही येत नाही. जोडताना बरेच कॅमेरे दोन्ही बँडचं एकच नाव पाहून अडतात, तेव्हा मेशच्या ॲपमध्ये फक्त २.४ चं वेगळं नेटवर्क सुरू करा, बऱ्याच डेकोत आयओटी नेटवर्क म्हणून येते, त्याच्यावर कॅमेरा जोडा.

लाईन_गेली:
आन् कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकजा ताई. रात्री लाईन गेली आन् माडीवरचा यूपीएस उतरला तरी कॅमेऱ्याले पॉवर बँक नाहीतर छोटी बॅटरी असन तर रेकॉर्डिंग कार्डावर चालू राह्यते, सकाळी पाहता येते.