चाक-टायरचा वेगळा विमा: घ्यावा की तेवढे पैसे बाजूला ठेवावेत?

दूरचा पल्ला (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद नेमका होईल. साध्या, उंच कडेच्या (कड म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामधली टायरची रबरी बाजू) टायरांची गाडी असेल तर चाक-टायरचा वेगळा विमा घेऊ नये. तेवढे पैसे बाजूला ठेवावेत.

हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अपघातात गाडीबरोबर चाकांचं नुकसान झालं तर गाडीच्या नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यातून काही ना काही मिळतं. पण खड्ड्यात आपटून नुसता टायर फाटला आणि बाकी गाडी धड राहिली, तर बऱ्याच पॉलिसींमध्ये काहीच मिळत नाही. टायर कंपनीची वॉरंटी कारखान्यातल्या दोषापुरती असते. खिळा, काच, खड्डा तिच्यात बसत नाही. ही फट बुजवायला हा विमा आहे. कुठे तो मूळ पॉलिसीला जोडून मिळतो, कुठे शोरूम स्वतंत्र करार म्हणून विकतं.

माझा पहिला आक्षेप हिशेबाचा आहे. दावे, कंपनीचा खर्च, विकणाऱ्याचं कमिशन आणि नफा, सगळं विम्याच्या हप्त्यातूनच निघतं. म्हणजे सगळ्या ग्राहकांना मिळून, त्यांनी भरलेल्यापेक्षा कमीच परत मिळणार. हा तोटा पत्करावा तो जिथे एका फटक्यात माणूस आडवा होतो तिथे: घराला आग, मोठं आजारपण, आपल्या गाडीने दुसऱ्याला झालेली इजा. टायर गेला तर त्या महिन्याची ओढाताण होते, त्यापलीकडे काही नाही.

दुसरा आक्षेप विकण्याच्या वेळेबद्दल. गाडी पक्की झाली, कर्ज मंजूर झालं, शेवटच्या सह्या चालू आहेत, तेव्हा हा कागद पुढे येतो. हप्ता कर्जात मिसळला की टायरच्या विम्यावर कर्ज संपेपर्यंत व्याज भरत बसायचं. अटी वाचायला वेळ कुणी देत नाही. ज्याला विचार करायला एक दिवसही मिळत नाही, त्याने त्या टेबलावर नाही म्हणावं, असं मी ठामपणे सांगेन.

आकडेमोड

हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरी ग्राहकाचा आहे. आपण सरासरी आहोत का, हे आधी बघायला हवं आणि ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं.

२०५/५५ आर१६ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिमी आणि कडेची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे जवळपास ११३ मिमी; शेवटचा १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. २२५/४० आर१८ मध्ये तीच कड ९० मिमी. पाचवा भाग उंची गेली. खड्ड्याची धारदार कड लागली की टायर तिथे दबतो आणि ती उंची संपली की रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबर चेमटतं. आतले धागे तुटतात, वर अलॉयच्या (मिश्रधातूच्या) रिमलाही दणका बसतो. त्यात मोठ्या व्यासाची रिम महाग आणि तिच्यावर बसणारा टायरही महाग. नुकसानाची शक्यताही वाढली आणि खर्चही वाढला, असं दोन्हीकडून होतं.

दूरचा पल्ला, तुम्ही 'साध्या टायरांसाठी' अशी अट घातली आहे हे मान्य. पण नव्या गाड्यांच्या वरच्या श्रेणीत १८-१९ इंची चाकं इतकी सर्रास झाली आहेत की तुमचा सल्ला ज्यांना लागू पडतो ते लोक कमी होत चालले आहेत.

हवापाणी

टायरच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून दुकानात जे येतं ते सांगतो.

सगळ्यात जास्त येतात ती साधी पंक्चर. खिळा जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल आणि भोक साधारण ६ मिमीच्या आत असेल, तर टायर उतरवून आतून पॅच मारला की काम होतं. हा खर्च इतका किरकोळ आहे की त्यासाठी विम्याची गरज नाही. कडेला भोक असेल तर मात्र दुरुस्ती करू नये. कड प्रत्येक फेऱ्यात वाकते, तिथे पॅच टिकत नाही आणि वेगात टायर फुटला तर जिवावर बेततं.

दुसरा प्रकार फुगा. कडेचे धागे तुटले की आतली हवा रबराला बाहेर ढकलते. तो टायर त्याच दिवशी बदलायचा, 'बघू अजून थोडे दिवस' हा विषयच नाही. आता विम्याच्या दृष्टीने महत्त्वाचं: फुगा कधी कधी आपटल्यावर लगेच दिसत नाही, काही दिवसांनी वर येतो. मग दाव्यात 'घटना कधी घडली' या रकान्यात लोक गडबडतात. मोठा दणका बसला की थांबून चारही टायर आतून-बाहेरून बघा, फोटो काढा. फोटोत कडेवरचा तारखेचा आकडाही येऊ द्या. शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला.

आणि हवा. कमी हवेवर चालवलेल्या टायरची कड आतून घासून काळी भुकटी पडते. टायर उतरवल्यावर ती लपत नाही. अशा टायरचा दावा नाकारला तर मी कंपनीला दोष देणार नाही. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा मोजा. ही सवय कुठल्याही विम्यापेक्षा जास्त टायर वाचवते, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

रात्रपाळी

मी विमा घेण्याच्या बाजूने आहे, आणि माझा मुद्दा अजून कुणी मांडलेला नाही.

'पैसे बाजूला ठेवा' हे ज्यांच्याकडे बाजू आहे त्यांना जमतं. माझ्या घरात बाजूला ठेवलेली रक्कम सगळ्यात आधी दवाखाना किंवा मुलांची फी खाते. टायर फाटायची वेळ येईपर्यंत ती जागेवर असेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. हप्ता भरलेला असेल तर निदान तो दुसरीकडे जात नाही. दीर्घकाळात तोटा होतो म्हणता, तो मला मान्य आहे. मी तो तोटा अनिश्चितता टाळण्यासाठी मोजते.

दुसरं, मी रात्री गाडी चालवते. माझ्या गाडीला स्टेपनीच नाही, टायरमध्ये भरायचं द्रव्य आणि हवेचा छोटा पंप दिलाय. कड फाटली तर त्या द्रव्याचा काही उपयोग होत नाही. करारात गाडी ओढून नेण्याचा खर्च धरलेला असेल तर माझ्यासाठी त्याची किंमत टायरपेक्षा जास्त आहे. बाईमाणूस रात्री रस्त्याच्या कडेला अडकली तर हा हिशेब नुसत्या पैशांचा राहत नाही. तो दूरचा पल्ला यांच्या गणितात कुठे आहे?

दूरचा पल्ला

रात्रपाळी, तुमचा दुसरा मुद्दा मी पूर्ण मानतो. पण त्याचं उत्तर रस्त्यावरची मदत सेवा हे आहे. ती बहुतेक ठिकाणी वेगळी मिळते, आणि बॅटरी बसली किंवा किल्ली आत राहिली तरी उपयोगी पडते. तेवढ्यासाठी चार टायरांचा विमा कशाला?

पहिल्या मुद्द्यावर मात्र मतभेद आहे. ज्याच्या हातात पैसे टिकत नाहीत त्याने जास्त महागाचा मार्ग घ्यावा, हे मला पटत नाही. शिवाय दावा मंजूर झाला तरी तुमच्या वाट्याची रक्कम, घसारा (टायर झिजल्याबद्दल कापलेली किंमत) आणि न धरलेली मजुरी खिशातूनच जाते. म्हणजे ऐन वेळी पैसे लागतातच.

पोटनियम

दोन्ही बाजू 'विमा' म्हणजे एकच ठरावीक वस्तू असल्यासारखं बोलताय. खरा फरक कलमांत आहे, आणि एका करारातली कलमं दुसऱ्यात सापडतीलच असं नाही.

पहिलं घसाऱ्याचं कलम बघा. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी खोल असतात. १.६ मिमीला टायर बाद, ही मर्यादा अनेक देशांच्या कायद्यातच आहे. म्हणजे वापरायला मिळतात ६.४ मिमी. ४.८ वर तुम्ही निम्मा टायर वापरलेला असतो. काही करार या टप्प्याला निम्मीच किंमत देतात, काही खाचा ठरावीक खोलीच्या वर असतील तोवर पूर्ण नवा टायर देतात. हा फरक इतका मोठा आहे की हप्त्याचा आकडा त्याच्याशिवाय वाचूच नये.

मग रिमचं. 'रिम समाविष्ट' असं लिहिलेलं असतं, पण खाली अट असते: रिम इतकी वाकली किंवा तडकली पाहिजे की हवा धरून राहणार नाही. फुटपाथला घासून अलॉयवर उठलेले ओरखडे दिसण्यापुरतं नुकसान म्हणून वगळले जातात. लोकांचा सगळ्यात जास्त भ्रमनिरास इथे होतो, कारण रोजच्या वापरात ओरखडेच जास्त पडतात.

चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक. एक नवा आणि तीन झिजलेले अशी जोडी बसवली तर घेरात फरक पडतो आणि जोर वाटणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. म्हणून बऱ्याच गाड्यांत एकाबरोबर दोन किंवा चारही टायर बदलायला सांगतात. करार मात्र फाटलेल्या एकाचेच पैसे देतो. असली गाडी असेल तर हा प्रश्न लेखी विचारा.

पूर्वपरवानगी हे कलम लोक विसरतात. आधी फोन करून दाव्याचा क्रमांक घ्यायचा, मग टायर बदलायचा, अशी अट असते. घाईत बदलून पावती पाठवली की दावा गेला. जुना टायर दुकानात सोडून येऊ नका, तपासायला मागतात.

उरलेलं भराभर: चोरी, शर्यत, कच्च्या रानवाटेवरचा वापर आणि कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळ्या मापाची चाकं बहुधा वगळलेली असतात. मूळ पॉलिसीला जोडलेला असेल तर दाव्याने नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट) जातो का ते पाहा. स्वतंत्र करार असेल तर मध्येच रद्द केल्यास उरलेल्या मुदतीचे पैसे मिळतात का, हेही. गाडी लवकर विकणाऱ्याला ते परत मिळू शकतात, पण मागावे लागतात.

दूरचा पल्ला

पोटनियम, उत्तम प्रतिसाद. यातूनच माझं म्हणणं बळकट होतं. इतकी कलमं सांभाळून जे हातात पडतं त्यापेक्षा मूळ रोगावर इलाज करावा. आकडेमोड म्हणतात तसं २२५/४० आर१८ धोक्याचं असेल, तर लहान रिम घ्या. २२५/४५ आर१७ केलं तर चाकाचा एकूण व्यास ६३७ वरून ६३४ मिमी होतो, म्हणजे स्पीडोमीटरला जवळजवळ कळतही नाही, आणि कड ९० वरून १०१ मिमी होते. गाडी घेतानाच एक श्रेणी खालची चाकं निवडली तर पैसेही वाचतात.

आकडेमोड

घेतानाच निवडता आलं तर उत्तमच. पण नंतर बदलायचं तर १७ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून (चाकाच्या आतल्या ब्रेक दाबणाऱ्या भागावरून) बसते का ते आधी बघावं लागतं, टायरचा भारांक (तो किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा कमी चालत नाही, आणि बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. चार रिम आणि चार टायरांचा खर्च धरला तर त्यात कित्येक वर्षांचे हप्ते निघतील. विमा टाळण्यासाठी त्याहून मोठा खर्च, हे तुमच्याच पहिल्या तत्त्वाच्या विरुद्ध जातं.

त्यापेक्षा सोपा ताळा करू. वर्षाचा हप्ता एका टायरच्या किमतीचा चौथा भाग असेल, तर दर ४ वर्षांत एक टायर अपघाती गेला तरच बरोबरी होते. घसाऱ्याने निम्मेच मिळणार असतील तर दर २ वर्षांत एक जायला हवा. आपल्या रस्त्यावर, आपल्या टायरवर तसं होतं का, हे प्रत्येकाला आठवून सांगता येईल. माझ्या गाडीचं उत्तर 'हो' असं येतं, म्हणून मी घेतो.

मुदतवाला

गाडी ठरावीक मुदतीच्या भाड्याने घेतलेल्यांचा विचार करा. परत देताना चाकांवरचा प्रत्येक ओरखडा मोजून पैसे कापतात. रिम बदलायचं स्वातंत्र्य आम्हाला नाही. ओरखड्यांची दुरुस्ती धरणारा करार मिळाला तर मी डोळे झाकून घेईन.

पोटनियम

डोळे उघडे ठेवूनच घ्या :) तसे करार असतात, पण दुरुस्तीची संख्या आणि ओरखड्याची लांबी त्यात बांधलेली असते. आणि गाडी परत देण्याच्या तारखेच्या आधी दावा करावा लागतो, नंतर नाही.

रात्रपाळी

माझा निर्णय झाला. दूरचा पल्ला यांचं ऐकून कर्जात काहीही मिसळणार नाही, आणि मदत सेवा वेगळी घेणार आहे, तो सल्ला खरोखर कामाचा होता. पण टायरांचा विमाही घेणार, एका वर्षाचा, पूर्ण किंमत देणारा. दुसऱ्या वर्षी खाचा मोजून मगच पुढचं बघेन. हवापाणी, घरी मोजता येतात ना?

हवापाणी

येतात. खोली मोजायचं छोटं साधन मिळतं. प्रत्येक टायर आत, मध्ये आणि बाहेर असा तीन जागी मोजा. खाचांच्या भागाच्या आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजू जास्त झिजलेल्या दिसल्या तर हवा कमी राहतेय, मधला भाग झिजला तर जास्त आहे. एकाच बाजूला झीज असेल तर आधी अलाइनमेंट करून घ्या आणि त्याची पावती जपून ठेवा. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) झीज बघून गाडीच्या देखभालीबद्दल विचारतो, तेव्हा ती दाखवता येते.

दूरचा पल्ला

एका वर्षाचा, घसारा नसलेला आणि रोख भरलेला असेल तर माझा विरोध बराच सौम्य होतो. तरी हप्ता टायरच्या किमतीच्या चौथ्या भागावर गेला तर घेऊ नका. आणि तुमच्या टायरचं माप इथे लिहा. ५५ किंवा त्यावरची कड असेल तर मी अजून एकदा अडवायचा प्रयत्न करणार आहे.