सुट्या पानांच्या चहाचा महिन्याचा बॉक्स: पुढे चालू ठेवावा का?

सांगवीकर:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. भावाने राखीला सुट्या पानांच्या चहाचं तीन महिन्यांचं सबस्क्रिप्शन दिलंय, दर महिन्याला १० ग्रॅमची पाच पाकिटं येतात, दोन बॉक्स झाले, आता पुढच्या महिन्यात संपेल म्हणून मेसेज यायला लागलेत. आमच्याकडे चहा म्हणजे आलं ठेचून, दुधाचा, चांगला कढवलेला, त्यामुळे हा प्रकार अगदीच नवीन, पण मी मनापासून वही केलीय आणि प्रत्येक चहाचं लिहून ठेवतेय.

दार्जिलिंग फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या तोडीचा चहा, उघडला तर पानं हिरवट, मला वाटलं जुना माल पाठवला. पहिल्या दिवशी सवयीने दोन कढ आणले आणि तोंडात घेववेना इतका कडू. दुसऱ्यांदा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तीन मिनिटं ठेवला तर वाळल्या गवतासारखा, पुढे काहीच नाही. सेकंड फ्लश मात्र छान लागला, काळ्या मनुका पाण्यात भिजवून ठेवल्यावर येतो तसा वास. चीनचा लोंगजिंग म्हणून हिरवा चहा होता त्याला चक्क हुरड्याचा वास, मी तीन वेळा हुंगून पाहिलं. जपानी सेंचा म्हणजे पालक उकडलेलं पाणी, नवऱ्याने एक घोट घेऊन कप सरकवला. आणि लॅपसांग सूचाँग हा धुरी दिलेला चिनी चहा उघडल्याबरोबर सासूबाई म्हणाल्या, अगं हा तर आपल्या जुन्या घरच्या बंबाचा वास! तो त्यांनी एकटीने संपवला.

आता प्रश्न असे की फर्स्ट फ्लशचं एवढं कौतुक का करतात, माझंच काही चुकतंय का? कप गार झाला की वर एक पातळ तवंग धरतो आणि कपाला तपकिरी कडं राहतं, ते काय? आणि सबस्क्रिप्शन पुढे घ्यावं का, की हेच पैसे एखाद्या चांगल्या चहावर घालावेत?

दिब्रुगड_ते_दादर:
ताई, वहीची सवय सोडू नका, तुमचं नाक उत्तम आहे. मी नऊ वर्षं आसामात बागेवर होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फर्स्ट फ्लश हिरवट असतो तो जुना म्हणून नव्हे. फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंतची ती पहिली कोवळी तोड, तिला खूप जोरात सुकवतात, त्यामुळे पुढे पान पूर्ण काळं पडतच नाही. एकदा चहा गाळल्यावर चोथा पांढऱ्या बशीत पसरून बघा, हिरवी, पिवळी, तांबूस अशी सगळी पानं एकत्र दिसतील. सेकंड फ्लश मे-जूनचा. तुम्हाला जो मनुकांचा वास आला त्याला मस्कटेल म्हणतात आणि तो येण्यात तुडतुड्यांचा वाटा आहे, आपल्याकडे कपाशीवर येतात त्याच कुळातले. ते पानातला रस शोषतात, झाड स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि तीच पुढे कपात उतरतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकून पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

घरची पूड सीटीसी, ती दातेरी रोलरमध्ये चिरडून गोळी केलेली, दोन मिनिटांत सगळा रंग सोडते, म्हणून दूध-साखर पेलते. अख्ख्या पानाला तो न्याय लावू नका. चहा चाखणारे लोक २.८ ग्रॅम पानं १४० मिली पाण्यात पाच-सहा मिनिटं ठेवतात, पण ते मुद्दाम कडक काढतात, दोष वर यावा म्हणून. प्यायचा असेल तर १५० मिलीला २ ग्रॅम. आणि चमच्याने मोजू नका, फर्स्ट फ्लशची पानं फुगीर असतात, चमचाभर म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम भरतं, तुमचं वाळलं गवत तिथूनच आलं असणार. सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा घ्या.

एफटीजीएफओपी वगैरे लांबलचक अक्षरांना भुलू नका, ती पानाची प्रत आणि कळ्यांचं प्रमाण सांगतात, चव नाही. त्यापेक्षा पाकिटावर बागेचं नाव, तोडीचं वर्ष आणि डीजे नंबर आहे का बघा. डीजे १ म्हणजे त्या बागेचा त्या हंगामातला पहिला लॉट.

पानपत्ती:
तवंग पाण्यामुळे. बोअरचं पाणी आहे ना? जड पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं मिळून तो थर होतो, वासही मारला जातो. आमच्याकडे नुसतं आरओचं वापरलं तर चहा बेचव, पोकळ लागायचा, आता निम्मं आरओ निम्मं नळाचं घेते आणि फरक सासऱ्यांनासुद्धा कळतो.

दुसरं, पाकिटं मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका. मी एकदा हिमाचलातल्या कांगड्याचा चहा गोडा मसाल्याच्या कप्प्यात ठेवला होता, आठ दिवसांत वाया गेला. फार वाईट वाटलं, कारण तो इतका नाजूक चहा असतो. कांगड्याला २००५ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे पण आपल्याकडे कुणी विचारत नाही. १९०५ च्या भूकंपात तिथल्या बागा बसल्या त्या पूर्वीसारख्या उभ्याच राहिल्या नाहीत. मिळाला तर नक्की घ्या.

ओहायोची_काकू:
अगं सेंचावर रागावू नकोस, उकळतं पाणी ओतलंस ना? सेंचाची पानं वाफवून केलेली असतात, ७०-७५ अंशांच्या वर पाणी गेलं की पालकच लागणार. माझ्याकडे थर्मामीटर नव्हता तेव्हा मी उकळी आलेलं पाणी एका पातेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून कपात असं तीनदा ओतायचे, दरवेळी थोडं निवतं. मग एक मिनिट, फार तर सव्वा. लोंगजिंग कढईत परततात म्हणून तुला हुरडा आला, बरोब्बर ओळखलंस. त्याला ८० चालतं. फर्स्ट फ्लशला ८५-९०. आसामला मात्र खळखळतंच हवं.

सांगवीकर:
सगळ्यांचे खूप आभार, काल रविवारी सगळं करून पाहिलं! काटा शेजारच्या काकांकडून आणला, उरलेला फर्स्ट फ्लश ४ ग्रॅमच होता, मग एकदाच केला, निम्मं-निम्मं पाणी, उकळल्यावर झाकण काढून जरा थांबून ओतलं आणि तीन मिनिटं. रंग अगदी फिकट, केळीच्या कोवळ्या पानासारखा पिवळसर, मला वाटलं पुन्हा फसलं. पण पहिल्या घोटाला कच्च्या पेरूच्या सालीसारखं काहीतरी आलं, मग जरासं तुरट, आणि घोट गिळल्यावर मागून गोडी आली ती बराच वेळ राहिली. तवंग नाही. चोथा बशीत पसरला तर खरंच दोन पानं आणि मधे कळी अशी अख्खी जुडी उलगडलेली, लेकीने ती वहीत चिकटवायला घेतली. पाकिटावर तोडीचं वर्ष मात्र कुठेच नाही, सगळी पाकिटं उलटसुलट करून पाहिली, हे मला खटकलं.

तर आता बॉक्स बंद करून सेकंड फ्लश थेट बागेकडून मागवावा म्हणते, अर्धा किलो घेतला तर स्वस्त पडतोय. घेऊ का?

दिब्रुगड_ते_दादर:
बॉक्स बंद करा, वर्ष न छापणाऱ्याकडून १०-१० ग्रॅम घेण्यात अर्थ नाही. पण अर्धा किलो नको. दोघं-तिघं पिणार, वर्षभर पुरेल आणि पुढच्या पावसाळ्यात सादळेल. १०० ग्रॅम सेकंड फ्लश घ्या, ५०-५० च्या दोन पुड्या करून मागा, एक उघडू नका. दिवाळीनंतर ऑटम फ्लश यायला लागेल, तो तांबूस, गोडसर असतो, ५० ग्रॅम त्याचा घ्या. आणि सासूबाईंसाठी लॅपसांग वेगळ्या घट्ट डब्यात, बाकीच्यांपासून लांब, नाहीतर सगळ्या चहाला बंबाचा वास लागेल.